आधीचा आकडा नसलेला जिल्हा

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं आणि आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात पेंटाव्हॅलंट लस दाखल झाली. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि कावीळ-ब यांच्या जोडीला तिच्यातला पाचवा घटक हिमोफिलस इन्फ्लुएंझी टाइप-बी, थोडक्यात हिब, या जिवाणूविरुद्धचा होता. एक निर्णय महसुली, दुसरा आरोग्याचा. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता. पण वसई, नालासोपारा, विरार इथल्या मुलांना या लशीने नेमकं काय दिलं, असं कुणी विचारलं की या दोन्ही तारखा आडव्या येतात. लशीचा परिणाम मोजायचा तर आधी किती मुलं आजारी पडत होती आणि नंतर किती, हे शेजारी-शेजारी मांडावं लागतं. पालघर जिल्ह्याला ‘आधी’ जेमतेम वर्षभराचं मिळालं. त्यामागचं सगळं ठाण्याच्या एकत्रित हिशेबात मिसळलेलं. वसई-विरार महापालिका त्याहून जुनी, जुलै २००९ ची. पण तीही वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून झालेली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती. त्यानंतर इमारती आणि चाळी किती वाढल्या ते विरार लोकलमध्ये उभं राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे, पण २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. म्हणजे आधीचा आकडा नाही, आणि आजच्या आकड्याला ज्या संख्येने भागायचं तीही अंदाजाची. हिबचा भारतातला इतिहास या अडचणीकडे नजर ठेवून वाचला, तर एक गोष्ट ठळक होते: ज्या नोंदींच्या अभावामुळे लशीआधी हा आजार कमी भासला, तोच अभाव लशीनंतर यश जास्त भासवू शकतो. पहिल्या बाबतीत नोंदींवर शंका घेणाऱ्याने दुसऱ्या बाबतीतही ती घ्यायला हवी.

हिबचा मेंदूज्वर मुख्यतः दोन वर्षांच्या आतल्या मुलांचा. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणांना सूज येते. ताप चढतो, बाळ अंगावर ओढेनासं होतं, टाळू फुगते, आकडी येते. उपचार मिळूनही काही मुलं दगावतात आणि वाचलेल्यांपैकी काहींच्या वाट्याला कायमचं बहिरेपण किंवा फिट्स येतात. निदानाचा खात्रीचा मार्ग म्हणजे पाठीच्या मणक्यातून पाणी काढून ते तपासणं. अनेक आईवडील इथेच पाय मागे घेतात, कारण पाणी काढलं की मूल लुळं पडतं ही भीती घट्ट बसलेली आहे. ते पाणी बाटलीत नितळ दिसलं तर बरं, गढूळ दिसलं तर जिवाणूंचा संशय बळावतो. पण जिवाणू कोणता हे कळायला तो प्रयोगशाळेत वाढवावा लागतो, आणि हिब हा भलताच नाजूक प्रकृतीचा जिवाणू आहे. त्याला रक्तातले दोन विशिष्ट घटक लागतात. म्हणून रक्त तापवून तयार केलेल्या, चॉकलेटी रंगाच्या आगारवर तो पेरतात. ते रक्त मेंढीचं किंवा घोड्याचं असावं लागतं. ते परवडत नाही म्हणून रक्तपेढीतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरलं, तर तो नीट उगवत नाही. नमुना फ्रिजमध्ये ठेवला तर जिवाणू मरतो, प्रयोगशाळेत पोचायला उशीर झाला तरी मरतो. आणि मुलाच्या पोटात आधीच प्रतिजैविकाचे दोन-चार डोस गेलेले असतील, तर पाणी गढूळ असूनही आगार कोरंच्या कोरं राहतं. अहवालावर ‘वाढ आढळली नाही’ असं लिहिलं जातं. तांत्रिकदृष्ट्या ते खरंच असतं. पण अशा अहवालांची बेरीज करून देशात हिब नाही असं कुणी म्हणू लागलं की गडबड होते.

भारतात नेमकं तेच झालं. मार्गारेट पिटमन यांनी १९३१ मध्ये या जिवाणूचे कवचानुसार प्रकार पाडले, आणि गंभीर आजाराच्या मुळाशी बहुतेक वेळा ‘बी’ हा प्रकार असतो हे दाखवलं, तेव्हापासून पाश्चात्त्य देशांत त्याची मोजदाद होत होती. नुसत्या कवचाची शर्करा टोचली तर दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं शरीर तिची दखलच घेत नाही. ती एखाद्या प्रथिनाला जोडून दिली तर घेतं. अशी जोडलस अमेरिकेत १९८७ मध्ये आली आणि काही वर्षांतच तिथल्या बालरोग वॉर्डांतून हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. इकडे प्रश्न वेगळाच होता: आपल्याकडे हिब आहे तरी का? १९९३ ते १९९७ या काळात देशातल्या सहा मोठ्या रुग्णालयांनी मिळून जिवाणूजन्य आजारांची पाहणी केली, त्यात आपलं नागपूरही होतं. हिब आहे, आणि त्याने मुलं मरतात, एवढं या पाहणीने सिद्ध केलं. पण रुग्णालयात किती मुलं आली यावरून गावात किती आजारी पडली हे सांगता येत नाही. ते सांगण्याचा प्रयत्न वेल्लोरमधल्या, ठरावीक लोकवस्तीवर लक्ष ठेवणाऱ्या पाहणीने केला. तिचा आकडा पाच वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला सुमारे सात असा निघाला. २००८ मध्ये तो छापून आला आणि लशीच्या समर्थकांनी व विरोधकांनी, दोघांनीही तोच उचलला.

विरोधकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ जेकब पुलियेल यांच्यासारखे टीकाकार विचारत होते की सात ही संख्या युरोप-अमेरिकेच्या जुन्या आकड्यांपुढे इतकी तोकडी असताना, साध्या त्रिगुणी लशीपेक्षा महाग लस साऱ्या देशाला कशासाठी द्यायची? जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये ही लस सर्व देशांनी घ्यावी अशी शिफारस केली होती. पण शिफारस हा पुरावा नव्हे, हेही त्यांचं म्हणणं योग्यच होतं. आशियातल्या मुलांना आतड्यातल्या इतर जिवाणूंमुळे नैसर्गिक प्रतिकारशक्ती मिळत असेल, असाही तर्क मांडला गेला. २००९ मध्ये प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने दिल्ली उच्च न्यायालयात पोचलं. या वादात कंपन्यांच्या नफ्याचा विषय बराच गाजला, आणि तो गाजायलाही हरकत नव्हती. तरी वादाचा गाभा वैद्यकीय किंवा व्यापारी नव्हता. दोन्ही पक्ष एका आकड्याच्या खरेपणावर भांडत होते, आणि तो आकडा ज्या पद्धतीने काढला तिच्यात किती मुलं निसटतात हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

यावर सर्वांत चलाख उत्तर इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरून आलं होतं, तेही वेल्लोरचा आकडा छापून येण्याच्या तीन वर्षं आधी. १९९८ ते २००२ दरम्यान तिथे काही वाड्यांतल्या बाळांना हिबची लस दिली, काहींतल्या बाळांना दिली नाही, आणि दोन्हीकडे मेंदूज्वर किती झाला ते मोजलं. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला हिबचा मेंदूज्वर पाहिला, तर लशीने वाचवलेली मुलं दर लाखामागे १६ भरली. पण जिवाणू सापडो वा न सापडो, पाण्यात जिवाणूजन्य बिघाड दिसलेली मुलं धरली, तेव्हा तीच संख्या ६७ झाली. प्रयोगशाळेला सापडलेल्या एका मुलामागे तीन मुलं अशी होती की ज्यांचा आजार हिबचाच होता, कारण हिबच्याच लशीने तो थांबला, पण तो आगारवर कधीच उगवला नाही. इथे लसच निदानाचं साधन झाली. आशियात हिब नाही या समजुतीला हा जबरदस्त धक्का होता. त्याच अभ्यासात न्यूमोनियावर मात्र लशीचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही, आणि टीकाकारांनी ते बोट दाखवून सांगितलं; लशीच्या समर्थकांनी हा भाग पुष्कळदा गिळून टाकला. माझ्या मते लोंबोक दोन्ही बाजूंनी वाचायला हवं: मेंदूज्वराबाबत टीकाकार चुकले, न्यूमोनियाबाबत समर्थकांनी घाई केली.

मोजणी नसली की लशीवर आळ कसा येतो हे भूतानने दाखवलं. २००९ मध्ये तिथे पेंटाव्हॅलंट सुरू झाली आणि काही आठवड्यांतच लस घेतलेल्या काही बाळांना मेंदूचा गंभीर आजार झाल्याने ती थांबवावी लागली. असे आजार लशीआधीही होत होते का, हा साधा प्रश्न होता. पण त्याचं उत्तर तयार नव्हतं. पाहणी करून ते मिळवायला वेळ गेला, आणि २०११ मध्ये लस पुन्हा सुरू झाली. श्रीलंकेनेही अशीच लस काही काळ थांबवून परत आणली. भारताने हे पाहिलं होतं. त्यामुळे डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूत ही लस आली तेव्हा तिच्या मागोमाग एक जाळंही उभं राहिलं. आयसीएमआरच्या चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २०१२ पासून निवडक रुग्णालयांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मेंदूज्वराची नोंद सुरू केली. पद्धत सर्वत्र एकच: संशयित मुलाच्या पाठीतून पाणी काढायचं, पेशी, प्रथिनं आणि साखर मोजायची, नमुना आगारवर पेरायचा, आणि काही उगवलं नाही तरी तिथेच न थांबता पीसीआरने जिवाणूच्या जनुकांचा माग काढायचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडे संदर्भ प्रयोगशाळेचं काम होतं. मेलेल्या जिवाणूचीही जनुकं सापडतात, त्यामुळे प्रतिजैविकांनी पुसलेला पुरावा काही प्रमाणात परत मिळू लागला.

या जाळ्याच्या पहिल्या निष्कर्षांत खात्री पटलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के न्यूमोकोकस या दुसऱ्या जिवाणूचे, १४ टक्के हिबचे आणि उरलेले मेनिंगोकोकस या तिसऱ्याचे निघाले. हे आकडे लशीचं यश म्हणून मिरवणं घाईचं ठरेल. काही रुग्णालयं लस सुरू झालेल्या राज्यांतली होती, काही न झालेल्या. या आकड्यांचं खरं मोल वेगळं आहे. एकाच वॉर्डात, त्याच डॉक्टरांनी, त्याच सुईने काढलेल्या पाण्यात हिब आणि न्यूमोकोकस दोन्ही शोधले जातात. डॉक्टर पाणी काढायला आळसावले, आईवडील जास्त नकार देऊ लागले किंवा औषधं आधी जास्त दिली जाऊ लागली, तर दोन्ही जिवाणू सारखेच कमी सापडतील. हिब घसरला आणि न्यूमोकोकस होता तिथेच राहिला, तर मात्र शोधणं ढिलं पडलं हे कारण देता येत नाही. लशीलाच श्रेय द्यावं लागतं. ज्या शहराकडे आधीचा आकडा नाही, ज्याची लोकसंख्या नीट माहीत नाही, त्यालाही ही तुलना करता येते, कारण तिला भागाकार लागत नाही. तिला नवा जिल्हा अडवत नाही आणि रखडलेली जनगणनाही अडवत नाही. वसई-विरारसाठी म्हणूनच हा मुद्दा महत्त्वाचा.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. लस प्रभावी आहे हे जगभर सिद्ध झालंय. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात १९९७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाच वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे ६० वर असलेला हिबचा मेंदूज्वर २००२ मध्ये शून्यावर आला. मग आता डोस पोचवण्याचं सोडून मोजत काय बसायचं? उत्तर ब्रिटनच्या इतिहासात आहे. तिथे १९९२ मध्ये लस आली, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात तीन डोस, बूस्टर नाही. आजार कोसळला, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. १९९९ पासून तो पुन्हा हळूहळू वर चढू लागला. सुरुवातीच्या सरसकट मोहिमेचा जोर ओसरला होता आणि मधल्या काळात वापरलेल्या एका जोडलशीतून हिबची प्रतिकारशक्ती कमी मिळत होती. देशभरातल्या प्रयोगशाळांची नोंद चालू होती म्हणूनच ही चढण वेळीच दिसली. २००३ मध्ये बूस्टरची मोहीम झाली आणि २००६ पासून बाराव्या महिन्याचा बूस्टर नियमित वेळापत्रकात आला. भारताच्या सरकारी वेळापत्रकात पेंटा सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, डाव्या मांडीत, आणि मग हिबचं काही नाही. दीड वर्षाच्या सुमारास त्रिगुणीचा बूस्टर मिळतो, त्यात हिब नसतो. खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्या मुलाला तो मिळतो. वसई पश्चिमेच्या सोसायटीतलं मूल आणि पूर्वेच्या पाड्यावरचं मूल यांच्यात या एका डोसाचा फरक आहे. दाट वस्तीत जिवाणू फिरत असल्याने शरीराला आपोआप उजळणी मिळत राहते आणि बूस्टर लागत नाही, असा एक युक्तिवाद आहे, आणि तो काही काळ खराही असेल. पण लस जसजशी यशस्वी होते तसतसा जिवाणू घशांतूनही कमी होतो, आणि उजळणीही थांबते. तो क्षण आपल्याकडे आला की नाही हे ब्रिटनचा आकडा सांगणार नाही.

महाराष्ट्राला हा धडा लांबून शिकायची खरं तर गरज नव्हती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी मेनिंगोकोकस-ए ची लस बनवली, डोसाची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत एक ते २९ वर्षांच्या एक कोटीहून जास्त लोकांना काही दिवसांत ती टोचली गेली आणि ‘ए’ जवळजवळ संपला. पण तिथल्या प्रदेशात प्रत्येक रुग्णाच्या पाण्यातल्या जिवाणूचा प्रकार तपासण्याची सवय लागली होती. म्हणून २०१५ मध्ये शेजारच्या नायजरमध्ये आठ हजारांवर लोक आजारी पडले तेव्हा हा ‘सी’ आहे हे लगेच कळलं. पुढे सीरमचीच पाच प्रकारांविरुद्धची लस तयार झाली, २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि मार्च २०२४ मध्ये ती नायजेरियात प्रथम वापरली गेली. पुण्यात बनलेल्या लशीचा हिशेब सहारा वाळवंटाच्या कडेला इतका चोख ठेवला जातो, आणि पुण्याहून दोनशे किलोमीटरच्या आतल्या नालासोपाऱ्यात ठेवला जात नाही, हे जरा विचित्र आहे.

नालासोपाऱ्यात तो का ठेवला जात नाही, यात कुणा एकाचा दोष नाही. तापलेलं मूल आधी जवळच्या दवाखान्यात जातं, तिथे प्रतिजैविक मिळतं. दोन-तीन दिवसांनी आकडी आली की खाजगी नर्सिंग होम, तिथे अंदाजाने सलाइनमधून जड औषधं. तरी उतार पडला नाही तर मुंबई: परळचं वाडिया, चिंचपोकळीचं कस्तुरबा, नाहीतर केईएम, नायर. नोंद झालीच तर मुंबईत होते. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला यांच्या एकेका रुग्णाचा माग काढण्याची यंत्रणा देशात आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडीतून गोवर पसरला तेव्हा भिवंडी, मालेगावसोबत वसई-विरारचंही नाव पुढे आलं ते तिच्यामुळेच. आणि जिथे गोवर शिरतो तिथे पेंटाचा तिसरा डोसही बऱ्याच मुलांचा राहिलेला असणार, हा अंदाज बांधायला फार अक्कल लागत नाही. हिबचा माग मात्र निवडक रुग्णालयांपुरता. निवडक रुग्णालयं देशाची दिशा सांगतात, ते पुरेसं आहे, असा बचाव होऊ शकतो, आणि दिल्लीत बसून पाहणाऱ्याला ते पुरतंही. पण डोस कुठल्या वस्तीत पोचत नाही हे दिशा सांगत नाही.

शिवाय सोपी तुलना करण्याचा काळ निसटलाय. महाराष्ट्रात २०१५ मध्ये पेंटा आली आणि २०२१ मध्ये न्यूमोकोकसची पीसीव्ही. ती उजव्या मांडीत, सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, बूस्टर नवव्या महिन्यात. या दोन वर्षांच्या मधल्या काळात एका जिवाणूवर लस होती, दुसऱ्यावर सरकारी लस नव्हती, आणि दुसरा पहिल्याचा साक्षीदार होऊ शकत होता. त्यातही २०२० मध्ये टाळेबंदीने श्वासातून पसरणारे हे सगळेच जिवाणू जगभर कमी केले, म्हणजे ते वर्षही बाद. आता दोन्हींवर लस असल्याने दोन्ही घसरतील आणि घसरण लशीची की शोधण्यातल्या ढिलाईची, हे तेवढ्या सहजपणे सांगता येणार नाही. २०१५ ते २०१९ चा पुरावा जर कुठे असेल तर तो मुंबईच्या रुग्णालयांतल्या प्रयोगशाळांच्या रजिस्टरांत: तारीख, वय, पाण्याचा रंग, पेशी, काय उगवलं, आणि केसपेपरवर पत्ता. वसई आणि नालासोपाऱ्याचे पिनकोड ४०१२ ने सुरू होतात, विरारचे ४०१३ ने. तेवढे केसपेपर बाजूला काढून हिब आणि न्यूमोकोकस वर्षवार मोजायला नवी लस लागत नाही, नवी इमारत लागत नाही. पाच वर्षांची जुनी रजिस्टरं रद्दीत जाण्याआधी ती उघडण्याची परवानगी तेवढी लागते.